धातूंतील लपलेला तडा व त्याची परीक्षा



आपल्या शाळेची घंटा ही खरी घंटा नव्हे. तो आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा आहे, हें तुम्हां सर्वांस ठाऊकच आहे. रुळास रूळ जोडणाऱ्या बोल्टासाठीं त्याच्या एका टोंकाजवळ पूर्वींच एक भोंक पाडलेलें होतें. त्याच भोंकांतून सांखळी ओंवून तो चिंचेच्या झाडास टांगला होता, व कितीएक वर्षें आपण तो लोखंडी दांड्यानें बडवीत आलों. त्याचा खणखणीत आवाज ऐकला म्हणजे उशीर झालेल्या मुलांचे पाय आपोआप झपाझप पडूं लागत.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस इयत्ता सहावींतील एक विद्यार्थी आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, घंटा बद्द वाजते." तो विद्यार्थी गणितांत नेहमीं मागें राहणारा. आम्हीं त्यास उत्तर दिलें, "घंटेकडे जितका कान देतोस तितका गणिताकडे दे." चार दिवसांनीं तो पुन्हां आला व पुन्हां तसाच परत गेला. तिसऱ्यांदा तो आलाच नाहीं. परंतु एके दिवशीं मधल्या सुटींत आमची दृष्टि सहज चिंचेकडे गेली, तेव्हां तो पांचवींतील लहान मुलांस हाताला धरून झाडाखालून बाजूस नेत असलेला दिसला. आम्हीं कारण विचारलें. "पडेल," एवढा एकच शब्द तो बोलला.

त्याच संध्याकाळीं आम्हीं तो तुकडा खालीं उतरविला. घासून पुसून तो स्वच्छ केला, रॉकेलांत भिजविलेला बोळा भोंकाच्या सभोंवार चांगला फिरविला, अर्धा तास वाट पाहिली, नंतर कोरड्या फडक्यानें सर्व तेल पुसून काढलें व वर फळ्याच्या खडूची बारीक पूड पसरली. पंधरा मिनिटांत त्या पांढऱ्या पुडीवर एक ओलसर काळी रेघ उमटली. ती भोंकाच्या कडेपासून निघून रुळाच्या टोंकाकडे गेली होती. भोंक व टोंक यांच्यामध्यें जेमतेम चार बोटें धातु. त्यांतील दोन बोटें चिरलेला होता. तो रूळ जुन्या ९० पौंडी जातीचा, म्हणजे मीटरला सुमारें ४५ किलो वजनाचा. आपला तुकडा अर्ध्या मीटरहून थोडा मोठा, म्हणून त्याचें वजन २५ किलोंच्या आसपास भरेल. त्याखालीं रोज मुलें खेळत होतीं. त्या पांढऱ्या पुडीवर रुळाचा तडा दिसला, आणि त्याबरोबर आमचेंही पितळ उघडें पडलें.

डोळ्यांस न दिसणारा तडा धातूची वस्तु न मोडतां कसा शोधावा, हा या लेखाचा विषय आहे. तो कोरडा वाटण्याचा संभव आहे. परंतु वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून नागपुरास किंवा गोंदियास जाणारा प्रत्येक मनुष्य आपला जीव या विद्येच्या हवालीं करीत असतो, हें ध्यानांत घेऊन तो वाचावा.

प्रथम तडा पडतो कसा हें पाहूं. एखादी तार घेऊन ती एकदां वांकवा; ती तुटत नाहीं. तीच पुनःपुन्हां इकडून तिकडे वांकवीत राहा. थोड्याच वेळांत ती तुटते. जो ताण एकदां सहज सोसला जातो, तोच हजारों वेळां आला म्हणजे धातु जणूं थकतो. या थकव्याचा आरंभ बहुधा एखाद्या भोंकाच्या कडेस, कोंपऱ्यांत, ओरखड्यांत किंवा धातूंत राहून गेलेल्या कचऱ्याच्या कणापाशीं होतो, कारण तेथें ताण एकवटतो. तेथें केसाहून बारीक चीर पडते व ती प्रत्येक हिसक्यासरशी किंचित् पुढें सरकते. बाहेरून वस्तु जशीच्या तशीच दिसते, आणि शेवटीं उरलेला धातु अपुरा पडून ती एका क्षणांत मोडते. पाहणारे म्हणतात, "अचानक मोडली." वास्तविक ती पुष्कळ दिवसांपासून मोडत असते.

आगगाडीच्या डब्याचा आंस घ्या. नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारें २.८७ मीटर होतो. भंडारा रोडपासून नागपूर सुमारें ६० किलोमीटर धरिलें, तर तेवढ्या प्रवासांत चाक सुमारें २१ हजार वेळां फिरतें. डब्याच्या भारानें आंस किंचित् वांकलेला असतो. त्यामुळें प्रत्येक फेऱ्यांत त्याच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूस एकदां ताण व एकदां दाब सोसावा लागतो. हजार किलोमीटरांच्या प्रवासांत ही ओढाताण साडेतीन लाख वेळांच्या घरांत जाते!

याचा पहिला मोठा धडा जगास फार महाग पडला. ता. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आंस मोडला, डबे एकमेकांवर चढून पेटले व पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढल्याच वर्षीं रँकिन नांवाच्या तरुण स्कॉटिश इंजिनियरानें मोडलेल्या आंसांचा अभ्यास करून दाखविलें कीं, मोड एकदम होत नसून तडा बाहेरून आंत हळूंहळूं वाढत जातो. नंतर जर्मनींत व्होलर या इंजिनियरानें आंस यंत्रावर लक्षावधि वेळां फिरवून किती ताण किती फेरे सोसतां येतो याचे नियम बसविले.

तडा पडण्यास हिसकेच लागतात असेंही नाहीं. आपलें भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे, म्हणून पितळेची एक गोष्ट येथें सांगणें उचित होईल. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेच्या काडतुसांचीं पितळी टरफलें पावसाळ्यांत नुसतीं ठेवल्या जागीं तडकूं लागलीं. तीं घोड्यांच्या पागेंत किंवा पागेजवळ ठेवलेलीं असत. या रोगास मोसमी तडा असें नांव पडलें, परंतु त्याचें कारण कित्येक वर्षें कळलें नाहीं. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनीं त्याचा उलगडा केला. पितळ थंड असतांना ठोकून ओढून आकारास आणिलें म्हणजे त्याच्या अंगांत ताण कोंडून राहतो. घोड्यांच्या मुतापासून निघणारा अमोनिया दमट हवेंत त्या पितळेस लागला कीं तो कोंडलेला ताण धातूस चिरून बाहेर पडतो. उपाय सोपा निघाला: टरफलें बेतानें तापवून तो ताण आधींच मोकळा करणें. भांडें ठोकतां ठोकतां मधून मधून भट्टींत घालून मऊ करणाऱ्या आपल्या कारागिरांस हें मर्म हातानें ठाऊक होतें. शास्त्रानें त्याचें कारण सांगितलें.

आतां परीक्षेकडे वळूं. एखाद्या आंसांत तडा आहे कीं नाहीं हें तो कापून पाहिल्यानें निश्चित कळेल; परंतु कापलेला आंस निर्दोष निघाला तरी त्याचा उपयोग काय? शंभर आंसांतील दहा मोडून पाहिले व दहाही चांगले निघाले, तरी अकराव्याविषयीं खात्री होत नाहीं. म्हणून वस्तूस इजा न करितां प्रत्येक वस्तूची परीक्षा घेण्याच्या रीति मनुष्यानें शोधून काढल्या. त्यांतील मुख्य अशा सांगतों.

पहिली रीति कानाची. बाजारांत माठ घेतांना तुमची आई तो बोटानें वाजवून घेते. दुकानदार पूर्वीं रुपया दगडावर आपटून घेत असे. अखंड वस्तु ठोकली कीं तिचें सर्व अंग एकजीवानें कंप पावतें व नाद टिकतो. तडा असल्यास त्याच्या दोन कडा एकमेकींवर घासून कंपाची शक्ति खाऊन टाकतात. म्हणून आवाज बद्द येतो व लवकर विरतो. पूर्वीं मोठ्या स्थानकांवर गाडी थांबली कीं लांब दांड्याची हातोडी घेऊन एक मनुष्य प्रत्येक चाक ठोकीत जात असे, तें याच कारणासाठीं. आपल्या सहावींतील विद्यार्थ्यानें हीच परीक्षा केली होती. मात्र तडा बराच वाढल्याखेरीज कानास फरक कळत नाहीं, आणि तो नेमका कोठें आहे हें कान सांगूं शकत नाहीं.

दुसरी रीति तेलाची, म्हणजे आम्हीं घंटेवर केलेली. दिव्याची वात जशी तेल वर ओढून घेते, तशी बारीक चीर पातळ द्रव आपल्या पोटांत ओढून घेते. यास केशाकर्षण म्हणतात. वरचें तेल पुसलें तरी चिरेंतील तेल राहतें. वर कोरडी पूड टाकली कीं ती टीपकागदाप्रमाणें तें तेल बाहेर खेंचते व चिरेचा आकार उमटतो. रेल्वेच्या कारखान्यांतून तेल व खडूची ही युक्ति एकोणिसाव्या शतकापासून चालत आली. हल्लीं रॉकेलाच्या जागीं तांबडा रंग मिसळलेला विशेष पातळ द्रव वापरितात, किंवा जांभळ्यापलीकडच्या अदृश्य प्रकाशांत हिरवट पिवळा चमकणारा द्रव घेतात. ही रीति लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम, सर्वांस चालते. परंतु तिच्या दोन अटी आहेत. तडा पृष्ठभागापर्यंत उघडा असला पाहिजे, व वस्तु अतिशय स्वच्छ असली पाहिजे. चिरेंत चिखल किंवा रंग भरलेला असेल तर द्रव आंत शिरणार नाहीं, आणि परीक्षक "निर्दोष" म्हणून मोकळा होईल. उलटपक्षीं, साधा ओरखडाही रेघ दाखवितो. आपल्या घंटेवर अशी एक खोटी रेघ उमटली होती. ती पुसून पुन्हां पूड टाकली तेव्हां ती परत आली नाहीं. खऱ्या तड्याची रेघ मात्र तीन वेळां पुसली तरी तीनही वेळां परत आली, कारण त्याच्या पोटांत तेलाचा सांठा होता.

तिसरी रीति लोहचुंबकाची. चुंबक मोडला तर प्रत्येक तुकड्यास उत्तर व दक्षिण असे दोन ध्रुव होतात, हें तुम्ही सातवींत शिकलां आहां. पोलादी वस्तु चुंबकित केली व तिच्यांत तडा असला, तर तड्याच्या दोन कडा अशाच दोन लहान ध्रुवांसारख्या वागतात. तेथें चुंबकीय रेषा बाहेर फुटतात, आणि वर लोखंडाचा बारीक कीस टाकला कीं तो नेमका त्या जागीं रांगेनें गोळा होतो. १८६८ सालीं इंग्लंडांत सॅक्स्बी या गृहस्थांनीं चुंबकित केलेल्या तोफेच्या नळ्यांवरून होकायंत्र फिरवून दोष हुडकले होते. पुढें १९२०च्या सुमारास अमेरिकेंत विल्यम होक यांस पोलाद घासतांना उडालेला कीस वस्तूवरील तड्यांवर ओळीनें बसलेला आढळला, व त्या निरीक्षणांतून ही रीति निघाली. यांत एक खुबी आहे. चुंबकीय रेषा तड्यास आडव्या जात असतील तरच त्या फुटतात. तड्याच्या दिशेनेंच धांवत असतील तर तडा दिसत नाहीं. म्हणून प्रत्येक वस्तु दोन दिशांनीं चुंबकित करून दोनदां पाहावी लागते. एकाच बाजूनें विचारलेल्या प्रश्नानें सत्य पुरतें कळत नाहीं, असा याचा अर्थ.

पितळेस चुंबक लागत नाहीं, म्हणून तेथें ही रीति निरुपयोगी. इतकेंच नव्हे, तर एका जातीच्या पोलादासही ती लागू नाहीं. आपल्या तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून मँगनीजचें खनिज निघतें. नेहमींच्या रुळाच्या पोलादांत मँगनीज थोडेंसें असतें. परंतु १८८२ सालीं रॉबर्ट हॅडफील्ड यांनीं सुमारें १२ टक्के मँगनीज घालून असें पोलाद केलें कीं जें ठोके बसतील तसें अधिकच कठीण होतें. जेथें एक रूळ दुसऱ्यास छेदून जातो, तेथें चाकांचे धक्के फार बसतात; म्हणून त्या जागीं हें पोलाद घालितात. परंतु हें पोलाद चुंबकास दाद देत नाहीं!

पितळेसाठीं चौथी रीति आहे, ती भोंवऱ्यांची. १८३१ सालीं फॅरडे यांनीं शोधून काढलें कीं, बदलती चुंबकशक्ति धातूंत वीज उत्पन्न करिते. तारेच्या गुंडाळींतून उलटसुलट वाहणारी वीज सोडून ती गुंडाळी धातूजवळ नेली कीं धातूच्या अंगांत विजेचे लहान लहान भोंवरे फिरूं लागतात. वाटेंत तडा आला तर नदीच्या धारेस खडक आडवा यावा तसें त्या भोंवऱ्यांस वळसा घालून जावें लागतें, आणि तो फरक गुंडाळीस जोडलेल्या यंत्राच्या कांट्यावर दिसतो. वीजघरांतील पितळी नळ्या व विमानांचे ॲल्युमिनियमचे भाग या रीतीनें तपासतात. पृष्ठभागाजवळचे दोष ही रीति उत्तम सांगते. खोल दोषांपर्यंत तिचा हात पोहोंचत नाहीं.

मग धातूच्या पोटांतील खोल तडा कसा शोधावा? त्यासाठीं पांचवी रीति, आणि आपल्या रेल्वेस सर्वांत अधिक उपयोगी, ती प्रतिध्वनीची. विहिरींत ओरडलें कीं आवाज परत येतो. त्याचप्रमाणें धातूंत ध्वनि सोडला तर तो पलीकडच्या कडेवर आपटून परत येतो. वाटेंत तडा भेटला तर तेथूनच अगोदर परत येतो. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० हजार कंपांपर्यंतचाच ध्वनि ऐकूं येतो. या कामीं सेकंदास १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कंप असलेला ध्वनि वापरितात, कारण लाट जितकी आंखूड तितका बारीक दोष तिला सांपडतो. विजेनें थरथरणारा एक लहानसा स्फटिकासारखा तुकडा हा ध्वनि उत्पन्न करितो, व तोच परत आलेला प्रतिध्वनि ऐकतो. असे स्फटिक दाबले असतां वीज देतात हें १८८० सालीं क्यूरी बंधूंनीं दाखविलें होतें. या प्रतिध्वनीनें दोष हुडकणारें यंत्र अमेरिकेंत फायरस्टोन यांनीं १९४०च्या सुमारास सिद्ध केलें.

येथें एक सोपें गणित करूं. पोलादांत ध्वनि सेकंदास सुमारें ५,९०० मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागांत ५.९ मिलिमीटर. हल्लींचा ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. वरून सोडलेला ध्वनि तळास लागून किती वेळांत परत येईल? हा प्रश्न आम्हीं वर्गांत घातला, तेव्हां घंटेची वार्ता आणणाऱ्या त्याच विद्यार्थ्यानें २९ असें उत्तर काढलें. आम्हीं त्यास चूक म्हटलें नाहीं, "ध्वनि तळाशीं पोहोंचला, पण आपणांस कळलें कसें?" एवढेंच विचारलें. तो क्षणभर थांबला व म्हणाला, "परत यायला हवा." मग त्यानें स्वतःच दुप्पट करून सेकंदाचे ५८ दशलक्षांश हें बरोबर उत्तर दिलें. आतां ५८ ऐवजीं २० दशलक्षांशांतच प्रतिध्वनि आला तर? २० दशलक्षांशांत ध्वनि ११८ मिलिमीटर चालला. त्याचें अर्धें ५९. म्हणजे रुळाच्या माथ्यापासून ५९ मिलिमीटर खोल कांहींतरी आडवें आहे! रूळ न कापतां, न उचलतां, पोटांतील दोषाची जागा बोटानें दाखवितां येते.

आपल्या जिल्ह्यांतून जाणारा लोहमार्ग १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनें विस्तारला. २००३ पासून तो दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे. अशा मार्गांवर परीक्षायंत्राची लहान गाडी रुळावरून हातानें ढकलीत, पायीं चालत जाणारे लोक तुम्हीं कधीं पाहिले असतील. त्यांच्या गाडींतून रुळावर पाणी झिरपत असतें. तें कशासाठीं? यंत्र व रूळ यांच्यामध्यें हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनि पोलादांत शिरत नाहीं, तेथूनच परततो. पाण्यानें ती फट भरून निघते. याच गुणानें तडाही सांपडतो, कारण तडा म्हणजे धातूच्या पोटांतील पोकळ फटच. शिवाय सरळ खालीं गेलेला ध्वनि उभ्या चिरेस लागत नाहीं, म्हणून त्याच गाडींत तिरपा ध्वनि सोडणारीं यंत्रेंही असतात. बोल्टाच्या भोंकापासून निघणारे तडे हा रुळांचा जुना रोग आहे. आपल्या घंटेस झाला तो हाच. आगगाडीचे आंसही टोंकाकडून असा ध्वनि सोडून तपासतात. चाकाच्या आंत दडलेला भाग चाक न काढतां त्यामुळें तपासतां येतो.

सहावी रीति क्ष-किरणांची. १८९५ सालीं राँटजेन यांनीं शोधलेल्या या किरणांनीं डॉक्टर जसें हाड पाहतात, तसें धातूचें ओतकाम व सांधे पाहतां येतात. धातु जेथें पोकळ तेथून किरण अधिक जातात व चित्रांत ती जागा काळी उमटते. यंत्र नेणें कठीण असेल तेथें इरिडियम किंवा कोबाल्ट यांचे किरणोत्सर्गी तुकडे वापरितात. इरिडियमचें तेज ७४ दिवसांत निम्मे होतें. ओतकामांतील बुडबुडे यांत स्पष्ट दिसतात. पण किरणांच्या वाटेस आडवी पडलेली बारीक चीर चित्रांत उमटत नाहीं. हे किरण शरीरास घातक असल्यामुळें आपल्या देशांत १९८३ सालीं स्थापन झालेलें अणुऊर्जा नियामक मंडळ या कामावर देखरेख ठेवितें.

असे हे सहा परीक्षक. यांतील एकही सर्वज्ञ नाहीं. तेलास वरचें दिसतें, चुंबकास लोखंडापुरतें दिसतें, ध्वनीस समोर आलेलें दिसतें. म्हणून जाणता परीक्षक आधीं विचारतो: धातु कोणता? तडा कोठें पडण्याचा संभव आहे? कोणत्या दिशेनें? आणि काम सुरू करण्यापूर्वीं तो आपल्या यंत्राचीच परीक्षा घेतो. ज्यांत मुद्दाम ठराविक दोष केलेला आहे असा पोलादाचा ठोकळा त्याच्याजवळ असतो. तो दोष यंत्रास दिसला तरच त्या यंत्राच्या पुढल्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा.

परीक्षा अपुरी राहिली तर काय होतें, याचें उदाहरण जर्मनींतील एशेडे येथील आहे. ता. ३ जून १९९८ रोजीं अतिवेगानें धांवणाऱ्या गाडीच्या चाकावरील पोलादी धांव तुटली व १०१ माणसें दगावलीं. तडा धांवेच्या आंतल्या अंगास सुरू झाला होता. बाहेरून पाहणाऱ्यास तो दिसण्याजोगा नव्हता. परंतु याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट इंग्लंडांतील हॅटफील्डची आहे. ता. १७ ऑक्टोबर २००० रोजीं तेथें तडे गेलेला रूळ गाडीखालीं फुटला व चार माणसें मेलीं. तो रूळ सदोष आहे हें आधींच ठाऊक होतें. बदलण्याचे नवे रूळ आणूनही ठेवलेले होते. ते लोहमार्गाच्या कडेस तसेच पडून होते. तेथें यंत्र चुकलें नव्हतें. दोष कळला होता, पण कळलेल्यावर कृति झाली नव्हती.

ही गोष्ट वाचतांना आम्हांस आमची घंटा आठवली. दोष कळविणारा आमच्यासमोर दोनदां उभा राहिला होता. त्याच्या गुणपत्रकाकडे पाहून आम्हीं त्याचें म्हणणें मोजलें. जें यंत्र आम्हांस गणितांत मंद दिसत होतें, तें आवाजाच्या कामीं आमच्याहून तीक्ष्ण होतें, हें तपासून पाहण्याची तसदी आम्हीं घेतली नाहीं.

पालकांस आमची एक विनंति आहे. शाळेची परीक्षा हीही एक परीक्षाच आहे. ती एकाच दिशेनें विचारते. तिला जें दिसत नाहीं तें मुलांत नाहींच, असें समजूं नये. आणि मूल कधीं बद्द वाजूं लागलें, गप्प राहूं लागलें, अभ्यासांतून मन काढूं लागलें, तर अधिक जोरानें ठोकून पाहूं नये. ठोक्यांनीं तडा भरत नाहीं, वाढतो. कोठें दुखतें हें जवळ बसून, निरनिराळ्या बाजूंनीं, हळूंच विचारावें. अंतःकरण पूर्ण पारखणारा एक परमेश्वरच. आम्हां शिक्षकांस व तुम्हां आईबापांस त्यानें कान दिले आहेत, ते उघडे ठेवण्याचें काम मात्र आपलें आहे. आणि ऐकूं आल्यावर हात हलविण्याचेंही.

जुना तुकडा आतां विज्ञानाच्या खोलींत ठेविला आहे. त्यावरील तडा ज्यास पाहावयाचा असेल त्यानें रॉकेल व खडू घेऊन यावें. चिंचेस नवा तुकडा टांगला आहे, व यावेळीं सांखळी भोंकांतून न ओंवतां रुळास भक्कम पट्टा आवळून त्यास अडकविली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं दोन विद्यार्थी त्याची तेलाची परीक्षा घेऊन वहींत नोंद करितात. त्या वहीवर पहिली सही त्या सहावींतील विद्यार्थ्याची आहे, आणि तिच्याखालीं आमची.